पुटपुटायला मनाई

घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली द्यायच्या प्रोग्रामिंगच्या परीक्षेआधी विद्यापीठाकडून सूचनांची जी पीडीएफ आली, तिच्यात प्रोग्रामिंगबद्दल अर्धं पान होतं आणि बाकी सगळं माझ्या खोलीबद्दल. दार बंद हवं. उजेड समोरून यायला हवा, पाठीमागून नको. भिंतीवर माणसांचे फोटो असतील तर झाका किंवा काढा, कारण चेहरे शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला फोटोतला माणूस आणि खोलीतला माणूस वेगळा ओळखता येईलच असं नाही. हेडफोन नाही, मनगटी घड्याळ नाही, दुसरा मॉनिटर नाही. कच्च्या कामाला कागद चालणार नाही. त्याऐवजी एक छोटा पांढरा बोर्ड आणि पुसता येणारा पेन ठेवता येईल. मात्र तो बोर्ड सुरुवातीला दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवायचा आणि उठण्याआधी त्यावरचं सगळं कॅमेऱ्यादेखत पुसायचं.

अर्ध्या पानात कामाचं तेवढं होतं. भाषा पायथन, वेळ तीन तास, प्रश्न पाच. कोड परीक्षेच्या खिडकीतच लिहायचा आणि तिथेच चालवून बघायचा. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनची प्रत त्याच खिडकीत मिळेल, बाहेरचं इंटरनेट मिळणार नाही.

चालवून बघायचा, हे वाचलं आणि खोलीबद्दलच्या सगळ्या अटी मला मान्य झाल्या. याआधीची प्रोग्रामिंगची परीक्षा मी कागदावर दिली होती. पायथनसारख्या भाषेत, जिथे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच अर्थ ठरवते, तिथे हाताने कोड लिहिणं म्हणजे अक्षराची परीक्षा. मधे एक ओळ घालायची राहिली की बाण काढा, समासात लिहा आणि तपासणाऱ्याला ते नीट लागेल अशी आशा करा. त्यापेक्षा कॅमेरा परवडला, असं मला तेव्हा वाटलं. बऱ्याच अंशी अजूनही वाटतं.

पहिली अडचण आली ती लॅपटॉपची, आणि ती नेमकी प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्याच वाट्याला जास्त येते. परीक्षेचा ब्राउझर म्हणजे आपला नेहमीचा ब्राउझर नव्हे. तो एकदा उघडला की पूर्ण पडदा ताब्यात घेतो, बाकीचे प्रोग्राम बंद करायला लावतो आणि मशीन व्हर्च्युअल, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, तर नाही ना, हे तपासतो. त्यामागचं कारण रास्त आहे. व्हर्च्युअल मशीनच्या आत हा ब्राउझर कोंडून ठेवला, तर बाहेरचा खरा संगणक मोकळाच राहतो आणि मग कुलूप लावण्याला काही अर्थ उरत नाही. पण माझं मशीन व्हर्च्युअल नव्हतं. तरी तपासणीत लाल फुली आली.

कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. विंडोजवर लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे. तिची दुसरी आवृत्ती हायपर-व्ही या हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तंत्रावर चालते. ते तंत्र चालू केलं की नुसतं लिनक्स नव्हे, खुद्द विंडोजसुद्धा त्या हायपरवायझरवर बसतं. मग कुठल्याही प्रोग्रामने प्रोसेसरला विचारलं, ‘इथे हायपरवायझर आहे का?’, तर उत्तर येतं ‘आहे’. तेवढ्यावरच थांबून निकाल देणाऱ्या सॉफ्टवेअरला मी लबाड दिसते. विंडोजवर याच तंत्राच्या आधाराने चालणारं डॉकर हे साधन वापरणाऱ्या माझ्या निम्म्या वर्गाची हीच कथा होती. मी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल मशीनच्या सोयी एकेक बंद केल्या, लॅपटॉप पुन्हा चालू केला, तरी फुली तशीच. शेवटी ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षेची सोयही याच तंत्रावर उभी असते हे कळलं आणि तीही बंद केली. तेव्हा कुठे हिरवी खूण आली. परीक्षा सुरक्षित व्हावी म्हणून मी माझा लॅपटॉप कमी सुरक्षित करून घेतला होता.

वर्गातल्या एकाकडे फक्त लिनक्स आहे. त्याच्यासाठी हा ब्राउझर बनवलेलाच नाही. या प्रकारचे बहुतेक ब्राउझर विंडोज आणि मॅकपुरतेच असतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिनक्स वापरलं म्हणून परीक्षेपुरता मावसभावाचा लॅपटॉप मागून आणायचा, यावर आमच्या ग्रुपवर बरेच दिवस विनोद चालले होते. त्याला मात्र हसू येत नव्हतं. परक्या कीबोर्डवर तीन तास कोड लिहिणं हे काही सुख नव्हे.

आणखी एक गोष्ट मला खटकली. झुरिकच्या ईटीएचमध्ये तयार झालेल्या सेफ एक्झाम ब्राउझरचा सोर्स कोड खुला आहे. तो काय करतो ते ज्याला वाचायचं त्याने वाचावं. आमच्या वाट्याला आलेलं सॉफ्टवेअर तसं नव्हतं. ते माझ्या मशीनवर अॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क मागतं, कॅमेरा, माइक आणि पडदा तिन्ही बघतं, आणि आत काय चालतं ते मला बघता येत नाही. अभ्यासक्रमात सुरक्षेच्या तासाला आम्हाला शिकवतात की अनोळखी प्रोग्रामला असे हक्क देऊ नका. तोच विभाग परीक्षेला सांगतो, द्या. परीक्षा संपल्यावर ते काढून टाकायचं आणि तोवर त्या लॅपटॉपवर खासगी काही उघडायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

सराव परीक्षा ऐच्छिक होती. जे कोणी पहिल्यांदाच अशी परीक्षा देणार असतील त्यांनी ती ऐच्छिक समजू नये. तिथे प्रश्न ‘दोन आकड्यांची बेरीज करा’ असाच असतो, पण बोटांना काय काय सवयी आहेत ते तिथे कळतं. मी एरवी एका बाजूला एडिटर आणि दुसऱ्या बाजूला टर्मिनल ठेवून काम करते आणि ऑल्ट-टॅब दाबत त्यांच्यात ये-जा करते. दिवसातून किती वेळा दाबते ते मला कधीच जाणवलं नव्हतं. परीक्षेच्या ब्राउझरमध्ये ती जोडी दाबली की काही होत नाही, फक्त वर पिवळी पट्टी येते: ‘ही कृती नोंदवली गेली आहे.’ पहिल्या काही मिनिटांतच माझ्या नावावर अशा नोंदींची रांग लागली. शब्द आपोआप पूर्ण होत नाहीत, डीबगर नाही, बाहेरून काही पेस्ट करता येत नाही. चूक शोधायची तर जागोजागी प्रिंट टाकायचे आणि मग आठवणीने काढायचे. त्यानंतर मी घरी सगळा सराव ऑटोकम्प्लीट बंद करून, एकाच खिडकीत केला. नंतर त्याचा एक फायदाच झाला: लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं आणि त्यांना काय क्रमाने द्यायचं हे पाठ झालं.

परीक्षेच्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी हजर व्हायचं होतं. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, मग चेहरा, मग खोली. लॅपटॉप उचलून चारी भिंती, छत, जमीन, टेबलाखाली, टेबलावर असं सगळं फिरवून दाखवायचं. मग हातात छोटा आरसा घेऊन लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्डच दाखवायचा, कारण कॅमेरा स्वतःकडे बघू शकत नाही. आरशाची युक्ती ज्याला सुचली तो हुशारच म्हणायचा.

खोली दाखवताना मला अवघडल्यासारखं झालं, हे खरं. ही माझी झोपायची खोली आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या परीक्षेआधी अशीच खोली दाखवावी लागल्यावर थेट कोर्टात दावा लावला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की अशी खोलीची पाहणी ही त्यांच्या राज्यघटनेच्या, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या, चौथ्या दुरुस्तीत येणारी झडतीच आहे आणि त्या प्रकरणात ती अवाजवी होती. तो निकाल तिथला, तिथल्या सरकारी विद्यापीठापुरता. माझ्या परीक्षेला त्याचा काही उपयोग नव्हता. पण आपल्याला जे अवघड वाटतंय ते निव्वळ लाजाळूपणा नाही, एवढा दिलासा त्यातून मिळाला होता.

पलीकडे जिवंत माणूस होता, हे माझं नशीब. अशा देखरेखीचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात: कोणीतरी थेट बघत बसतं, किंवा सगळं रेकॉर्ड होऊन नंतर बघितलं जातं, किंवा नुसतं सॉफ्टवेअर बघतं आणि संशयास्पद वाटेल तिथे खूण करतं. या धंद्यातल्या प्रॉक्टर-यू या मोठ्या कंपनीने २०२१ मध्ये तिसऱ्या प्रकारची सेवा विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअरने केलेल्या खुणा विद्यापीठांकडून नीट तपासल्याच जात नाहीत, हे त्यामागचं एक कारण होतं. आमची पद्धत पहिल्या आणि तिसऱ्याची भेळ होती: सॉफ्टवेअर खुणा करणार आणि एक पर्यवेक्षक एकाच वेळी अनेकांच्या चौकटी बघणार. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चॅटची खिडकी. ‘कृपया केस कानामागे घ्या, कानात काही नाही ना ते बघायचं आहे.’ ‘धन्यवाद. पाण्याची बाटली पारदर्शक आहे, चालेल. तिचं लेबल काढाल का?’ बोलणं अदबीचं होतं. माझ्या आईने दाराबाहेर ‘परीक्षा चालू आहे’ अशी चिठ्ठी लावली होती, तीही मी हौसेने दाखवली. त्यावर ‘छान’ एवढंच आलं.

पहिला प्रश्न सोपा होता: दिलेल्या आकड्यांमधला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा सांगा, सगळे आकडे सारखेच असतील तर ‘नाही’ असं छापा. असल्या प्रश्नात अडकायला होतं ते तर्कात नव्हे, छपाईत. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या व्यवस्थेवर कोडरनर नावाचं एक प्लगइन चालतं, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात बनलेलं. आमची तपासणीही त्याच धर्तीची होती. तुमचा कोड सर्व्हरवर चालवला जातो आणि त्याने छापलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळवलं जातं. आता पायथनमध्ये इनपुट मागताना आपण सवयीने ‘आकडा द्या’ असं काहीतरी लिहितो. ते वाक्यही उत्तराचाच भाग म्हणून छापलं जातं आणि बरोबर कोड नापास होतो. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात ‘वापरणाऱ्याला नीट सूचना द्या’ असं शिकलेलं, परीक्षेत विसरावं लागतं. ‘तपासा’ हे बटण पहिल्यांदा चुकलं तर माफ होतं, पुढच्या प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाचे दहा टक्के गुण कापले जात होते. म्हणून आधी ‘चालवा’, स्वतःच्या चाचण्या लिहा, मगच ‘तपासा’. ही शिस्त मला मनापासून आवडली. कागदावर असं करता आलं नसतं.

दुसऱ्या प्रश्नात कोडचे तुकडे देऊन ते काय छापतील ते विचारलं होतं आणि तिथे चालवायची सोय मुद्दाम बंद ठेवली होती. फंक्शनच्या व्याख्येत मूळ किंमत (डिफॉल्ट) म्हणून रिकामी यादी ठेवून ती दर कॉलला नवी मिळेल असं समजणाऱ्यांसाठी एक सापळा. मिळत नाही, तीच यादी पुन्हा वापरली जाते, आणि तिच्यात आधी १, मग २ घातल्यावर दुसऱ्या वेळी [१, २] येतं. उणे ७ ला दोन तिरप्या रेघांनी २ ने भागलं तर उणे ४, कारण पायथन खालच्या पूर्णांकाकडे जातो, शून्याकडे नाही. २.५ ला राउंड केलं तर ३ नव्हे, २. हे सगळं पाठांतराचं वाटतं, पण खऱ्या कामात अशाच ठिकाणी तास जातात.

तिसऱ्या प्रश्नावर माझी आणि कॅमेऱ्याची पहिली चकमक झाली. वेळांच्या जोड्या दिल्या आहेत, ज्या एकमेकींवर येतात किंवा एकमेकींना टेकतात त्या जोडून टाका. म्हणजे १ ते ४ आणि ३ ते ६ मिळून १ ते ६. ८ ते १० वेगळी राहणार. रीत माहीत होती: सुरुवातीच्या वेळेनुसार लावून घ्यायच्या आणि एकेक पुढे जायचं. पण १ ते १० च्या पोटात २ ते ३ आली तर काय? शेवट म्हणून नुसता नव्या जोडीचा शेवट घेतला तर १० चा ३ होतो आणि पुढची ४ ते ५ सुटी पडते. दोन्हींतला मोठा शेवट घ्यायला हवा. हे मला बोर्डावर करून बघायचं होतं, आणि असं करून बघताना मी बोलते. मोठ्याने नाही, पण ओठ हलतात, आवाज येतो. ‘आता शेवट दहा, आली दोन-तीन, दोन दहापेक्षा लहान, म्हणजे आत...’

चॅट वाजली. ‘कृपया प्रश्न मोठ्याने वाचू नका.’

मी लिहिलं की वाचत नाहीये, विचार करतेय. उत्तर आलं, ‘समजलं, पण नियम तोच आहे.’

तोंड बंद ठेवलं. आणि मग लक्षात आलं की तोंड बंद ठेवून मला लूप मनात फिरवताच येत नाही. दोन पावलं गेल्यावर शेवट किती होता ते निसटतं. म्हणून नजर वर, छताकडे गेली. थोड्या वेळाने पुन्हा चॅट: ‘कृपया नजर पडद्यावर ठेवा.’ बोर्डावर वाकले तर ‘चेहरा चौकटीत दिसत नाही.’

कॉपी करणाऱ्याची लक्षणं कोणती मानतात? इकडेतिकडे बघतो, खाली बघतो, ओठ हलवतो, मधेच थबकतो आणि मग एकदम भराभर लिहितो. आणि कोड सुचत असलेल्या माणसाची लक्षणं? हीच. शब्दशः हीच. अवघड प्रश्नाचं उत्तर शोधताना माणसं समोरच्यावरची नजर काढून घेतात आणि नजर काढून घेतल्याने आठवायला मदत होते, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांतून १९९८ सालीच छापून आलेलं आहे. पर्यवेक्षकांचा दोष नव्हता. त्यांच्यापुढे एका वेळी कितीतरी चौकटी, त्यातल्या एका चौकटीत एक मुलगी छताकडे बघत पुटपुटतेय. निबंध लिहिणाऱ्याला किंवा पर्याय निवडणाऱ्याला मान ताठ ठेवून बसता येत असेल. हे नियम त्यांच्यासाठी लिहिलेले असावेत आणि आमच्या परीक्षेला तसेच्या तसे चिकटवलेले.

मी यावर काढलेला उपाय असा: जे ओठांनी करत होते ते कोडमध्येच करायला लागले. प्रत्येक फेरीला आत काय आहे ते छापायचं, चालवायचं, छापलेलं वाचायचं. बोर्ड मी लॅपटॉपच्या मागे पुस्तकांवर उभा टेकवला, म्हणजे लिहिताना मान खाली जाणार नाही. पुस्तकांबद्दल लगेच विचारणा झाली. मी ती कॅमेऱ्यासमोर धरून उलगडून दाखवली, परवानगी मिळाली. हे आधी सुचलं असतं तर खोली दाखवतानाच करून टाकलं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

चौथ्या प्रश्नाच्या मध्यात नेट गेलं. फार वेळ नाही, पण ब्राउझर गोठला आणि परत आल्यावर विद्यापीठाचं लॉगिन पुन्हा मागू लागला. लॉगिन केलं की त्यांच्या दुहेरी पडताळणीचा कोड येतो. कुठे? फोनवर. फोन कुठे? नियमाप्रमाणे हाताला लागणार नाही इतका लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उलटा. उठायचं तर पर्यवेक्षकांची परवानगी हवी. परवानगी मागायची तर चॅट हवी. चॅट लॉगिन झाल्यावरच उघडणार.

सूचनांच्या पीडीएफमध्ये अशा वेळी फोन करायचा म्हणून मदतीचा एक नंबर दिला होता. फोन करायचा!

मी जागेवर बसूनच कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट शब्दांत सांगितलं: कनेक्शन तुटलं आहे, कोड घेण्यासाठी फोन उचलते आहे, बाकी काही उघडणार नाही. कॅमेऱ्याचा दिवा चालू होता, पण रेकॉर्डिंग होत होतं की नाही देव जाणे. फोनचा पडदा कॅमेऱ्याकडे धरूनच कोड वाचला, टाकला, फोन परत त्याच जागी ठेवला. आत गेल्यावर पर्यवेक्षक बदलले होते. नव्या बाईंना सगळं पुन्हा सांगितलं, ओळखपत्र पुन्हा दाखवलं, खोली पुन्हा फिरवली. या सगळ्यात घड्याळ चालूच होतं, कारण वेळ सर्व्हरवर मोजली जाते. लिहिलेला कोड मात्र जसाच्या तसा जपलेला होता, तेवढं त्या व्यवस्थेचं कौतुक. गेलेली मिनिटं नंतर वाढवून मिळाली, तीही मागितल्यावर. ज्यांना मागायचं सुचत नाही त्यांचं काय होतं, हा प्रश्न मी विभागाला लेखी विचारला आहे.

पाचवा प्रश्न फाइल वाचून शब्द मोजण्याचा होता. पायथनची डिक्शनरी (इथे शब्द आणि त्याची संख्या अशा जोड्या), क्रम लावणं, बरोबरी झाली तर अकारविल्हे. सरळ होता, वेळेत झाला. बोर्ड पुसला, दोन्ही बाजू दाखवल्या, ‘समाप्त’ दाबलं. लॅपटॉपने पडदा मोकळा केल्यावर पहिली गोष्ट मी मोठ्याने बोलले. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निकाल लगेच लागत नाही. आधी कोड एकमेकांशी ताडून बघतात, मग रेकॉर्डिंगमधल्या खुणा तपासतात. कोड ताडण्याची जुनी आणि प्रसिद्ध पद्धत म्हणजे अॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये बनवलेलं मॉस. व्हेरिएबलांची नावं बदलून किंवा मोकळ्या ओळी घालून त्याला चकवता येत नाही, कारण ते नावं आणि मोकळी जागा बाजूला ठेवून कोडच्या छोट्या छोट्या तुकड्यांचे ठसे घेतं आणि ते ठसे जुळवतं. पण वेळा जोडण्यासारख्या प्रश्नात शिकलेल्या शंभर जणांचा कोड साधारण एकसारखाच येणार. तिथे साम्य सापडणं ही काही बातमी नव्हे, आणि मॉस बनवणारेही हेच सांगतात की निर्णय माणसाने कोड वाचून करायचा.

माझ्या रेकॉर्डिंगचा अहवाल मी मागून घेतला. तसा तो आपणहून पाठवत नाहीत. वेळ आणि खूण अशा दोन रकाने असलेला तक्ता: ‘आवाज आढळला’, ‘नजर पडद्याबाहेर’, ‘चेहरा दिसत नाही’, ‘कनेक्शन तुटले’. त्या खुणा आणि माझ्या सबमिशनच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर मजेशीर गोष्ट दिसते. सगळ्यात जास्त खुणा तिसऱ्या प्रश्नाच्या वेळच्या आहेत, म्हणजे जिथे मी सगळ्यात प्रामाणिकपणे डोकं चालवत होते तिथल्या. दुसऱ्या प्रश्नात, जिथे उत्तरं आठवणीतून नुसती उतरवली, तिथे एकही खूण नाही. तळाशी शेरा होता: ‘तपासले. कारवाई नाही.’

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांची तोंडी. ती सगळ्यांचीच होते, खुणा असोत वा नसोत. मॅडमनी माझा तिसऱ्या प्रश्नाचा कोड पडद्यावर उघडला आणि विचारलं, ‘सुरुवातीऐवजी शेवटाच्या वेळेनुसार लावलं असतंस तर?’ मी विचारलं, बोलत बोलत करू का? त्या म्हणाल्या, ‘अगं, तोंडीच आहे ही.’ मग छताकडे बघत, बोटांनी हवेत रेघा मारत मी सुरू केलं: आधी २ ते ३ येईल, मग ४ ते ५, दोन्ही सुट्या. मग १ ते १० येईल आणि मागच्या दोन्ही गिळेल. म्हणजे मागे वळून बघावं लागेल, एकदा नाही, जितक्या गिळल्या जातील तितक्या वेळा. ‘मग वेळ वाढेल का?’ क्षणभर थांबले. नाही वाढणार, कारण एकदा गिळलेली जोडी पुन्हा बाहेर येत नाही, प्रत्येक जोडी जास्तीत जास्त एकदाच काढली जाईल. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. कोड माझाच आहे हे त्यांना दुसऱ्याच मिनिटाला कळलं असावं.

सगळ्यांची तोंडी घ्यायला शिक्षकांना किती दिवस जातात ते मला माहीत आहे, तरी पैज लावायची तर मी तिच्यावर लावीन. कॅमेऱ्याच्या विरोधात मी नाही. घरून परीक्षा देता आली म्हणून आमच्यातल्या एका मैत्रिणीला लहान बाळाला सोडून लांबचा प्रवास करावा लागला नाही, आणि तिच्यासाठी माझ्या कुठल्याही तक्रारीपेक्षा ते मोठं आहे. फक्त प्रोग्रामिंगच्या परीक्षेचे नियम लिहिताना प्रोग्रामिंग करणाऱ्या चार माणसांना समोर बसवून एकदा नुसतं बघावं, ती विचार करताना काय करतात.

निकालानंतर मी विभागाला अर्ज दिला. तीन मागण्या: विचार करताना हळू बोलायची परवानगी, बोर्ड उभा ठेवायला स्टँड, आणि नेट तुटल्यावर फोन उचलण्याची लेखी रीत. पहिल्या दोन मंजूर झाल्या. हळू बोलण्याची परवानगी आता उमेदवाराच्या नावापुढे नोंदवता येते आणि पर्यवेक्षकांना ती आधीच दिसते, मात्र अर्ज परीक्षेच्या दहा दिवस आधी करावा लागतो. फोनच्या बाबतीत उत्तर आलं की फोनवरच्या कोडऐवजी चालणाऱ्या छापील बॅकअप कोडचा कागद टेबलावर ठेवता येईल, सुरुवातीला कॅमेऱ्याला दाखवून. ही सोय लॉगिनच्या सेटिंगमध्ये आधीपासूनच असते. कोड छापून घ्या. लिनक्सवाल्या मित्राने त्याच अर्जाखाली आपली एक ओळ जोडली होती. त्याला कळवण्यात आलं आहे की विभागाकडे उसने द्यायला विंडोजचे लॅपटॉप आहेत. असे लॅपटॉप आहेत हे आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.